बॅरलमधलं घट्ट तेल

गारगोटीच्या बाजारपेठेत बाळासो मिस्त्रीचं गॅरेज तीस वर्षांचं. कुठल्या डिझेल गाडीत कुठलं तेल घालायचं, हे लोक त्यालाच विचारायचे. तो तेलात बोट बुडवायचा, अंगठ्यावर घासायचा, डोळे मिटायचा आणि मग निकाल द्यायचा. थाट असा, की वैद्यानं नाडी धरलीय. घट्ट तेल तेच खरं, हा त्याचा धर्म. कोपऱ्यातलं बॅरल त्याचं दैवत.

मग समोरच्या तेलाच्या दुकानात वर्धमानशेटची मुलगी दीपा बसायला लागली. कागलच्या एमआयडीसीत, इंजिनाच्या कारखान्यात चार वर्षं काढून आलेली. तिची एक खोड होती. गाडीबरोबर कंपनीचं जे पुस्तक येतं, ते बघितल्याशिवाय ती तेल द्यायची नाही. लोक आधी हसले. नंतर तेच लोक पुस्तक पिशवीत घालून, बाळासोच्या दारावरून, त्याच्याकडे न बघता समोर जायला लागले. बाळासोच्या पोटात दुखायला लागलं. ही पोर शाळेतून येताना त्याच्या उंबऱ्यावर बसायची, "काका, मलाबी बोट बुडवू द्या की" म्हणून मागं लागायची. आणि आता ही त्याच्याच गिऱ्हाइकांना शहाणं करणार! तिच्या दुकानाचं शटर वर गेलं की बाळासोला सकाळचा चहा गोड लागायचा नाही.

दिवाळीनंतर विजयसिंह आपली दुधाची पिकअप घेऊन बाळासोकडे तेल बदलायला आला. गाडी नवी, दोन वर्षांची. हातात दीपाकडून घेतलेला कॅन.

"मिस्त्री, ह्येच घाला. पुस्तक बघून दिलंय पोरीनं," एवढं सांगून तो चहाला गेला.

बाळासोनं कॅन कानाशी धरून हलवला. आत पाण्यागत खळखळलं. एवढं पातळ तेल दूध वाहणाऱ्या गाडीला? त्यानं सीलसुद्धा फोडलं नाही. कॅन जुन्या टायरांमागं सरकवला आणि बॅरलमधलं घट्ट तेल इंजिनात ओतलं. इंजिनाचं भलं करतोय, असं तो स्वतःला बजावत होता. खरं कारण एवढंच होतं, की निदान ह्या एका गाडीत तरी दीपाचं काही जाऊ नये असं त्याला वाटत होतं. विजयसिंहाला त्यानं यातलं काही सांगितलं नाही.

चार महिन्यांनी पिकअपचा चढावर दम तुटायला लागला. पिवळा दिवा लागला तो विझेना. विजयसिंह कोल्हापूरला दाखवून आला आणि गाडी थेट दीपाच्या दुकानापुढं आडवी लावली.

"तुझ्या तेलानं माझी गाडी बसली. धूर गाळायची जाळी राखंनं गच्च झालीया. तेल चुकीचं पडलंय म्हणत्यात."

"त्या जाळीसाठीच त्ये तेल हाय, दादा. त्ये जळलं तरी राखच कमी पडती," दीपा म्हणाली. पण ऐकतंय कोण? माणसं जमली. म्हातारे वर्धमानशेट हात जोडून उभे राहिले.

बाळासो आपल्या दारातून बघत होता. त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

दीपानं बॉनेट उघडलं. तेल बघायची पट्टी ओढली, टोकावरचं तेल अंगठ्यावर घासलं आणि डोळे मिटले. अगदी बाळासोसारखे. डोळे उघडले तेव्हा ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

"काका, तुमीच बघा."

"व्हय मिस्त्री," विजयसिंह म्हणाला. "तुमी म्हणशीला त्ये खरं."

वर्षभर बाळासो ह्याच शब्दांसाठी तरसला होता. सगळी पेठ पुन्हा त्याच्या बोटाकडे बघत होती. त्यानं तेल घासलं. काळं पडलं तरी आपल्या बॅरलचं तेल तो ओळखणार नाही होय? आता एक शब्द बोलला असता, तर समोरचं दुकान उठलं असतं. वर्धमानशेटचे हात अजून जोडलेलेच होते.

तो गॅरेजात गेला, टायरांमागचा कॅन काढून आणला आणि धुळीसकट दीपाच्या काउंटरवर ठेवला.

"सील बघा. हिचं तेल गाडीत गेलंच न्हाय. माझं घातलंय म्या."

"का वो मिस्त्री?"

"जळत हुतो हिच्यावर."

विजयसिंहानं कॅन उचलला आणि बाळासोकडे पाठ करून दीपाला विचारलं, "मग आता ह्ये घालून द्यायला दुसरा कोण चांगला मिस्त्री हाय, सांग."

दीपानं बोट फडक्याला पुसलं. "चांगलं मिस्त्री ह्येच हायती. पुस्तक तेवढं दावा त्यास्नी."

बाळासोनं कॅन हातात घेतला. तिच्या जागी आपण असतो, तर असं बोललो नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इतके दिवस तो तिच्या गिऱ्हाइकांवर जळत होता. आता तिच्या मोठ्या मनाचाच हेवा वाटायला लागला, आणि ते दुखणं आधीच्यापेक्षा जबर होतं.