बर्नरच्या टोप्या

माझा पोरगा रवींद्र मे महिन्यात आमच्या वडपे गावच्या गोदामात माल उतरवताना पडला तो उठलाच नाही. गोदामवाल्यांनी लिहून दिलं, दारू प्यायला होता. माझा रवींद्र! जो लग्नात सोड्याची बाटलीसुद्धा हुंगून तोंडाला लावायचा! छपराच्या पत्र्याला आतून गरमी अडवणारा थर आहे, उष्म्यानं माणूस मरेलच कसा, असं त्यांचं म्हणणं.

पुढं पत्रे उतरवून भंगारात गेले, तेव्हा लडकू हमालानं एक तुकडा लपवून आणला. रवींद्रची पोरगी धम्मदिना ठाण्याला लॅबमध्ये आहे. ती म्हणाली, "आजी, तो थर कामाचा हाय का न्हाय, मी मोजून दाखवते."

रविवारी मशीन मिळणार होतं. सकाळी ती काहीतरी ताटलीत वाळत ठेवून आंघोळीला गेली. बघते तर रुपयाएवढ्या तीन काळ्याकुट्ट चकत्या. मला वाटलं शेगडीच्या बर्नरच्या टोप्या. राख घेतली, काथ्या घेतला, खाली खरपुडी होती ती सुरीनं खरवडली. लखलखीत केल्या.

"आजी, चकत्या कुठायत?"

"घासल्या. शिकलेल्या पोरींना काजळी दिसत न्हाय ना."

ती ओल्या केसांनी खालीच बसली.

"अगं, त्या पत्र्याच्या तुकड्यातनंच कापल्या होत्या, काळा रंग मीच मारलेला. एका बाजूनं उजेडाचा झटका द्यायचा, काळं तो पिऊन घेतं. मग ऊब पलीकडं किती वेळात पोचते ते मशीन मोजतं."

"मग मार परत काळं!"

"काळं मारीन गं. थर कुठनं आणू? तुकडा तेवढाच होता, अन् तू खरवडलास तोच थर होता."

तो मोरीतून केव्हाच वाहून गेला होता.

तरी ती गेली, मोजून आली. नुसता पत्रा उरलेला, ऊब लागलीच आरपार.

"मग दाखव की! थर बेकार हाय म्हणून सांग. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना. बाबांच्या नावावर खोटं घालू?"



भरपाईच्या सुनावणीला साहेबांनी विचारलं, छपराबद्दल काही पुरावा? तिनं माझ्याकडं न बघता "नाही" म्हटलं. अख्ख्या वडप्याला गप्प बसवणारी मी, मला उभंसुद्धा राहता आलं नाही. कागदावर 'दारू' तशीच राहिली. त्याखाली धम्मदिनानं सही केली, बापाचं नाव मधे घालून, पूर्ण.