सात चोक अठ्ठावीस

मी एक जुनी फाईल आहे. दोरी बांधून कपाटात ठेवतात तसली नव्हे, मित्रांनो. मी संगणकाच्या प्रोग्रॅमची फाईल. फिनलंडमधल्या ओउलू शहरात माझा जन्म झाला, त्याला आता सत्तावीस वर्षं होतील. आमच्यात हे वय फारच झालं.

मी राहते त्या घराला डीबगर म्हणतात. एखादा प्रोग्रॅम चालता चालता कोसळला, की डीबगर त्याला जागच्या जागी धरतो आणि विचारतो, "बाबा रे, तू इथवर कोणाच्या हाकेवरून आलास?" प्रोग्रॅमच्या एका भागानं दुसऱ्याला हाक मारलेली असते, दुसऱ्यानं तिसऱ्याला. ती साखळी उलटी चालत गेलं की चुकलेला भाग सापडतो. पण परतीची खूण ठेवायची प्रत्येक प्रोसेसरची तऱ्हा निराळी. त्यातल्या एका प्रोसेसरची तऱ्हा डीबगरला समजावून सांगणं हे माझं काम. आमचं घर सर्वांना उघडं आहे. कोणीही यावं, वाचावं, सुधारावं.

मला वेइयो हापाकांगास यांनी लिहिलं. तो प्रोसेसर त्यांना इतका पाठ होता की त्यांनी मला शब्द म्हणून फारसे दिलेच नाहीत. जिथे नाव हवं तिथे एखादं अक्षर, जिथे कारण हवं तिथे नुसता आकडा. माझ्या पोटात 'एन' नावाचं एक अक्षर होतं. वरच्या ओळींत त्याचा अर्थ एक, खालच्या ओळींत दुसरा. आणि मधोमध, कसलंही स्पष्टीकरण नसलेला, अठ्ठावीस हा आकडा. तरीही मी झरझर चालत असे. लोक म्हणत, "वेइयोची फाईल ना? मग बघायला नको." त्या कौतुकानं मी फुलून जाई. कोणी बघत नाही याचंच मला भूषण वाटे.

पुढे वेइयो निवृत्त झाले. प्रोसेसरची नवी आवृत्ती आली. मला मात्र कोणी हात लावला नाही.

आता जे सांगते ते सांगताना मला अजून अवघडल्यासारखं होतं. ओउलूतलीच एक छोटी कंपनी त्या नव्या प्रोसेसरवर बर्फाची जाडी मोजणारी यंत्रं बनवी. हिवाळ्यात समुद्र गोठला की समोरच्या बेटावरची माणसं बर्फावरून गाड्या नेतात, त्या रस्त्यावर ही यंत्रं बसवलेली. एका जानेवारीत ती मधूनच बंद पडू लागली. रस्ता तीनदा बंद ठेवावा लागला. कंपनीतल्या सुवी ताउरियाइनेननं एक यंत्र टेबलावर आणून डीबगरला जोडलं आणि मला विचारलं, "हाक कोणाची?"

मी ठणकावून सांगितलं, कालेवीच्या भागाची.

कालेवी निस्काला हे त्याच कंपनीतले, अठ्ठावन्न वर्षांचे. थंडी मोजणाऱ्या भागाच्या ऐंशी ओळी त्यांच्या. बैठकीत भिंतीवरच्या पडद्यावर माझं उत्तर होतं, आणि त्यात त्यांचं नाव. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"मला तर काही चुकलेलं दिसत नाही," ते म्हणाले. "पण यंत्र म्हणतंय तर असेलच."

तीन आठवडे त्यांनी त्या ऐंशी ओळी वाचल्या. मग स्वतःहूनच ते काम सोडून केबली तपासायला खालच्या खोलीत जाऊन बसले. कॉफीच्या वेळी वर येईनात. यंत्रं बंद पडायची ती पडतच राहिली.

मार्चमध्ये आमच्या घराच्या कारभाऱ्यांनी सूचना लावली: ही फाईल कोणालाच कळत नाही, कोणी वाचण्याजोगी करणार असेल तर ठीक, नाहीतर काढून टाकू. सुवीनं कळवलं, "मी करते." अट एकच होती. माझं वागणं तसूभरही बदलायचं नाही, फक्त बोलणं स्पष्ट करायचं.

तिनं एकेका अक्षराला नाव दिलं. लांबलचक भाग तोडून छोटे केले. मला प्रथम उघडं पडल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण 'एन'पाशी ती अडली. शेवटी लॅपटॉप काखेत मारून ती वेइयोंकडे गेली.

वेइयोंनी कॉफी ओतली, वेलदोड्याचे पाव पुढे केले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, "सुनेनं सासूचं स्वयंपाकघर लावायला काढलेलं दिसतंय."

"सासूनं डब्यांवर नावंच घातली नाहीत, तर सून काय करणार?" सुवी म्हणाली. "वेइयो, हा 'एन' म्हणजे काय?"

"कप्पे किती जपून ठेवले ती संख्या. प्रोसेसरातले छोटे कप्पे गं, रजिस्टर."

"आणि इथे खाली?"

वेइयो वाकून बघू लागले. "इथे... इथे मला आठवत नाही," ते हळूच म्हणाले. "तेव्हा सगळं पाठ होतं. पाठ असलेलं काय लिहायचं, असं वाटायचं."

सुवीनं त्यांना घाई केली नाही. तिनं वरच्या 'एन'ला 'जपलेले कप्पे' असं नाव दिलं, खालच्याला, आजूबाजूच्या ओळींवरून अंदाज बांधून, 'परतीच्या खुणेचं अंतर', आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. वेइयोंनी बोट लावून एकेक ओळ वाचली. अठ्ठाविसापाशी बोट थांबलं.

"हां. सात कप्पे, प्रत्येकी चार बाइट. सात चोक अठ्ठावीस. त्याच्यापुढे परतीची खूण."

"वेइयो," सुवी म्हणाली, "नव्या आवृत्तीत आठ कप्पे जपतात."

"म्हणजे बत्तीस." वेइयोंनी कप खाली ठेवला. "मग ही पोरगी इतकी वर्षं भलत्याच जागी बघून नाव सांगतेय."

ते माझ्याबद्दल बोलत होते, मित्रांनो. मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साफसफाई आधी कारभाऱ्यांकडे वेगळी पाठवायची आणि दुरुस्ती मागाहून वेगळी, अशी आमच्या घरची रीत. सुवीनं तसंच केलं. मग तेच यंत्र पुन्हा जोडून तिनं मला विचारलं, "हाक कोणाची?" या वेळी मी योग्य जागी पाहिलं आणि खरं नाव सांगितलं.

ते सुवीचं होतं.

ती खुर्चीत मागे टेकली. मग लॅपटॉप उचलून थेट खालच्या खोलीत गेली. कालेवी केबल गुंडाळत होते.

"तुमच्या ऐंशी ओळींत काही नव्हतं," ती म्हणाली. "चूक माझ्या भागात आहे. डीबगर खोटं बोलत होता, आणि आम्ही सगळ्यांनी तुमच्याऐवजी त्याच्यावर विश्वास ठेवला. उद्या बैठकीत मी हे सांगणार आहे. पण आधी तुम्हाला."

कालेवींनी मला वाचलं. 'जपलेले कप्पे', 'परतीच्या खुणेचं अंतर'. त्यांनी हा प्रोग्रॅम पूर्वी कधी पाहिलाही नव्हता, तरी वाचताच समजून त्यांची मान डोलली.

"मी तर स्वतःवरच विश्वास ठेवला नाही," ते म्हणाले. मग त्यांनी केबल खुंटीला अडकवली. "दाखव तुझा भाग. एकटीनं शोधत बसू नकोस. फार वाईट जातात ते दिवस."

दोघं जिना चढून वर गेली. मी तिच्या काखेत होते.

मित्रांनो, मी आज पूर्वीपेक्षा वेगानं चालत नाही. माझं कौतुकही आता कोणी करत नाही. लोक येतात, वाचतात, समजून घेऊन जातात. एवढंच मागते: तुम्ही काहीही लिहाल, वहीत असो की यंत्रात, त्यातल्या वस्तूंना त्यांचं खरं नाव द्या. तुम्हाला पाठ आहे म्हणून गाळू नका. तुमच्यामागून येणाऱ्याला ते पाठ नसतं, आणि तुमच्या एका बिननावाच्या आकड्यापायी कुठेतरी एक भला माणूस तीन आठवडे स्वतःलाच दोषी समजत बसतो.