प्लास्टिक न काढता

त्या पोलादी घड्याळाचे सुरतेत वर्षाकाठी जेमतेम चार-पाच नग येत. कंपनीची किंमत नऊ लाख सत्तर हजार, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. मात्र घेणारा दुकानाबाहेर पडून विकायला बसला, तर सोळा लाख सहज. या वरच्या पैशाला सुरतेत 'ऑन' म्हणतात. फ्लॅटवर ऑन, बाजारातल्या गाळ्यावर ऑन, आणि आता मनगटावरही. शोरूमच्या काचेत एक नग कायम मांडलेला असे. त्याच्यापुढे पाटी होती: 'केवळ पाहण्यासाठी'.

शालिग्राम अप्पा पहिल्यांदा आले तेव्हा ती पाटी वाचून म्हणाले होते, "विकायचं नाही तर दुकान कशाला उघडलं?" काउंटरवरच्या हर्षदानं हसू दाबून त्यांचं नाव यादीत लिहिलं. त्याला आता दोन वर्षं सात महिने झाले होते. अप्पा मूळचे अमळनेरकडचे. तीस वर्षं लूमच्या कारखान्यात मास्तर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. आता डिंडोलीत स्वतःचे बहात्तर माग. बॅटरीशिवाय चालणारं यंत्र एवढंच त्यांना त्या घड्याळाचं अप्रूप होतं.

नग आला की तो कोणाला द्यायचा हे हर्षदा सुचवायची आणि मॅनेजर केतनभाई शिक्का मारायचे. एप्रिलमध्ये तिनं एका गोडबोल्या बिल्डरचं नाव सुचवलं आणि आठव्या दिवशी ते घड्याळ मुंबईच्या एका जाहिरातीत झळकलं, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढता. कंपनीनं पुढचे दोन नग कापले. केतनभाई एवढंच म्हणाले, "हर्षदा, एक बार और हुआ तो नीचे जाके पट्टे बेचना." पट्ट्यांच्या काउंटरवरून वर यायला तिला सहा वर्षं लागली होती.

तेव्हापासून नियम झाला. घड्याळावरचं प्लास्टिक दुकानातच काढायचं, पट्टा मनगटाच्या मापानं कमी करायचा, आणि गिऱ्हाइकानं हातात घालूनच बाहेर पडायचं. विकायला नेणारा प्लास्टिकला हात लावू देत नाही. प्लास्टिक निघालं की ऑन निम्मा उतरतो.

श्रावणात नग आला, हर्षदानं अप्पांचं नाव सुचवलं आणि शुक्रवारी ते पत्नीला, सरलाबाईंना, घेऊन आले. पैसे सकाळीच बँकेतून जमा झाले होते. केतनभाईंनी हातमोजे घातले, डबी उघडली आणि प्लास्टिकचं टोक नखानं उचललं.

"नाही नाही," अप्पांनी हात आडवा घातला. "तसंच राहू द्या."

केतनभाईंनी हर्षदाकडे पाहिलं. त्या नजरेत पट्ट्यांचं अख्खं काउंटर होतं.

"अंकल, ये तो निकालना पडेगा," ते म्हणाले. "और पहनना भी पडेगा."

"घालीन की. रविवारनंतर."

"रविवार के बाद क्यों?"

परक्या माणसापुढे घरच्या देवाचं काय सांगायचं, असा अप्पांचा चेहरा झाला. केतनभाईंनी डबी मिटली आणि फोन हातात घेतला. कतारगामचे हिरेवाले मावजीभाई यादीत दुसरे होते. त्यांना फोन गेला असता तर वीस मिनिटांत गाडी दारात उभी राहिली असती.

"दोन मिनिट, सर," हर्षदा म्हणाली. पुढे काय बोलायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात सरलाबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या. दुकानात आपली अहिराणी कोणाला कळणार, अशा खात्रीनं आवाज चांगला मोठा होता. "त्या प्लास्टिकले हात लावू देऊ नका. कानबाईम्होरे ठेवाशिवाय अंगले लावानं नही."

"माले समजस व. पण हाई पोर दखस कशी! जशी काय मी घड्याळ चोरी लई चालनू."

"दखू द्या. वाळेल खारिक सारखी शे बिचारी. घर जेवण भेटत नही वाटस."

हर्षदानं ओठ चावला. नऊ वर्षांत या दुकानात तिनं गुजराती, हिंदी आणि वेळप्रसंगी इंग्रजीत माल विकला होता. आईशी बोलायची भाषा मात्र ती डिंडोलीच्या बसस्टॉपवर ठेवून यायची.

"भेटस ना, मावशी," ती म्हणाली. "रोज कळण्यानी भाकर खास मी."

सरलाबाईंचा पदर थेट तोंडावर गेला. "व माय!"

"आमनीच निघनी ना हाई!" अप्पा इतक्या जोरात हसले की शेजारच्या काउंटरवरचं जोडपं वळून पाहू लागलं. "कोठली व तू?"

"पारोळ्यानी. आते डिंडोलीले राहस."

"मंग पह्यले सांगाले काय झायं? मी तुले खारिक म्हटलं..." सरलाबाई पदराआडून म्हणाल्या.

"खारिक महाग राहस, मावशी," हर्षदा म्हणाली, आणि मुद्द्यावर आली. श्रावणातल्या या रविवारी खानदेशी घरांत कानबाई देवी बसणार हे तिला सांगायला नको होतं. तिच्या घरीही नवी वस्तू आधी कानबाईपुढेच जाई. प्रश्न वेगळाच होता. दुकानाला प्लास्टिक नको होतं आणि कानबाईला घड्याळ कोरं हवं होतं. पण कोरं म्हणजे नेमकं काय?

"मावशी, कानबाईले नवी साडी ठेवतस, तिले आधी फॉल लावतस ना?"

"लावतस ना. फॉल बिगर कशी ठेवसू?"

"म्हणजे घडी मोडेल चालस."

"घडी मोडेल चालस. नेसेल चालत नही." सरलाबाई थांबल्या. मग नवऱ्याच्या दंडाला कोपर मारलं. "दखा! प्लास्टिक निघनं ते निघू द्या. हातमा घालानं नही, इतलंच."

"तूच तं सांगी राहिनी व्हतीस, प्लास्टिकले हात लावू देऊ नका!"

"मी सांगं, तुम्ही डोकं चालाडानं ना!"

हर्षदानं केतनभाईंना हिंदीत सगळं समजावलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. प्लास्टिक निघेल, पट्टा अप्पांच्या जुन्या घड्याळाच्या मापानं कमी होईल, इथवर ठीक. पण हातात न घालता घड्याळ बाहेर जाणार, हे नियमात बसत नव्हतं.

"सोमवार को पहनेंगे," ती म्हणाली. "फोटो मैं खुद लाऊंगी."

"और नहीं लायी तो?"

"तो पट्टे बेचूंगी."

केतनभाईंनी फोन खिशात टाकला.

शनिवार तिला बरा गेला. रविवारी मात्र तिनं विक्रीच्या जाहिराती चार वेळा उघडून पाहिल्या आणि प्रत्येक वेळी स्वतःचीच लाज वाटून बंद केल्या.

सोमवारी सकाळी ती कानबाईच्या विसर्जनाला डिंडोलीच्या तलावावर गेली. शोरूम अकराला उघडे. वाजंत्री आधी ऐकू आली, मग डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायका दिसल्या, आणि मागे गुलालानं माखलेले शालिग्राम अप्पा. त्यांच्या डाव्या मनगटावर ते घड्याळ होतं. पट्टा जराही सैल नव्हता.

"वनी का खारिक!" सरलाबाईंनी तिच्या गालाला गुलाल फासला. "परसादना रोट फक्त भाऊबंदना, तो तुले देता येवाव नही. पण घर चाल, खीर शे."

अप्पा पायरी उतरून पाण्यात गेले. कानबाईचा नारळ उजव्या हातात, आणि डावा हात पाण्यापासून वर, वाहतूक पोलिसासारखा.

"दोन्ही हात लावा!" सरलाबाई ओरडल्या. "देवले एक हात लावतस का?"

"अप्पा, शंभर मीटर पाण्यामा चालस ते!" हर्षदानं हाकारलं.

अप्पांनी एकवार तिच्याकडे पाहिलं, एकवार घड्याळाकडे. मग दोन्ही हातांनी नारळ धरून हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवले. घड्याळाभोवती गुलाल सुटून पाणी लाल झालं. हात वर आले तसा हर्षदानं फोटो काढला. गडबडीत फोन हलल्यानं तो जरा धूसर आला, पण मनगटावरचं घड्याळ ओळखू येत होतं. तिनं तो तिथूनच केतनभाईंना पाठवला आणि खीर खायला बायकांबरोबर चालू लागली.