टिस्डेल बाईंचं मत

शाळा मंडळाच्या सभेचा बंदोबस्त म्हणजे आम्हा पोलिसांना आरामाची ड्यूटी. त्या मंगळवारी मात्र सभा सुरू व्हायच्या आधीच दोन बापांनी दारात एकमेकांच्या कॉलरी धरल्या. शाळांच्या हद्दी बदलायचं घाटत होतं. मिलब्रुक वसाहतीतली मुलं घराजवळच्या हायस्कूलमधून काढून हायवेपलीकडच्या शाळेत टाकणार होते.

घरांची छपरं घालणारा क्रेग बोहॅनन बोलायला उभा राहिला. प्रत्येकाला तीन मिनिटं. ती संपली आणि माईक बंद झाला.

"वेळ झाली, मिस्टर बोहॅनन," अध्यक्षा नॉर्मा टिस्डेल म्हणाल्या. अडुसष्ट वर्षांच्या बाई. सातवीत मला गणित त्यांनीच शिकवलेलं.

"माझी पोरगी पहाटे साडेपाचला बस पकडणार, आणि तू मला वेळ सांगतेस, म्हातारे?"

"सोडू नकोस, क्रेग!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी दारापासून पुढे धावलो, तोवर तो मंचावर चढला होता. बाईंच्या नावाची लाकडी पाटी उचलून त्यानं ती त्यांच्या तोंडावर हाणली. नाक मोडल्याचा आवाज मला खालपर्यंत ऐकू आला. दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा मी त्याला कमरेला मिठी घालून आडवा पाडला. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. दात तुटला, तोंडात रक्त भरलं. मी गुडघा त्याच्या पाठीत रोवला आणि हात मागे पिरगाळला.

"बस! सोड, ग्लेन, बस!" तो म्हणाला. अंग ढिलं सोडलं त्यानं.

मी हात आणखी वर ओढला. काडकन मोडला. तो जनावरासारखा ओरडला. त्याच्या बायकोनं माझ्या पाठीत खुर्ची घातली, मग सगळं सभागृहच एकमेकांवर तुटून पडलं. जादा पोलीस येईपर्यंत चौघांची डोकी फुटली होती.

बाई दवाखान्यात जायला तयार होईनात. नाकाला रुमालांचा बोळा लावून म्हणाल्या, "मतदान घेऊ." हद्दी बदलायच्या विरोधात त्यांनी हात वर केला. चार विरुद्ध तीन. ठराव पडला.

दवाखान्यात बोहॅननचा पाय बेडीनं खाटेला अडकवला होता. "म्हातारीनं काय केलं?" त्यानं विचारलं.

"तुमच्या बाजूनं मत दिलं."

 त्यानं चांगल्या हातानं पाण्याचा पेला माझ्यावर फेकला.

रिपोर्टात मी लिहिलं, आरोपी शेवटपर्यंत झटापट करत होता. तिसऱ्या दिवशी बाईंना बघायला गेलो. चेहरा जांभळा पडला होता.

"तुम्ही त्याच्या बाजूनं मत दिलंत, बाई. एवढं होऊनसुद्धा?"

"बसची वेळ चूकच होती. त्यानं मला मारलं म्हणून ती बरोबर होते का?" मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "ग्लेन, तो थांबला होता. मी बघत होते."

मी टोपी उचलून उठलो.

"चौकशीत विचारलं तर मी सांगणार."

त्यांना विचारलं, आणि त्यांनी सांगितलं. बोहॅननला आठ महिन्यांची कैद झाली. मला दोन महिने घरी बसवलं आणि बंदोबस्तावरून कायमचं काढलं. वरिष्ठ रिपोर्ट बदलून द्या म्हणाले, तेव्हा खरं ते लिहायला मला चार ओळी पुरल्या.