डाव्या अंगाचं दार

विमलबाईंचे शेवटचे दोन घास राहिले होते, तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली.

"पुंजाजीचं घर हेच का व माय?"

विमलबाईंनी मान हलवली. चातुर्मासात त्यांचा मौनभोजनाचा नेम होता. ताटावरून उठेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. त्यांनी हातानेच बसायची खूण केली, पाण्याच्या गडव्याकडे बोट दाखवलं.

"अव माय! मुकी हाय का तू?" म्हातारी हळहळली. मग मुक्या माणसाला ऐकूही कमी येत असणार, अशा समजुतीनं तिनं आवाज चढवला. "मी शेषरावची माय! सरस्वती! धामनगाव बढ्याची!"

विमलबाईंचा घास हातातच राहिला. शेषराव हे नाव या घरात एकदाच निघालं होतं. यजमान पुंजाजी फौजेतून कायमचे परत आले त्या दिवशी. चीनच्या लढाईच्या आदल्या वर्षी, नेफाच्या डोंगरात रसद टाकताना शेषराव विमानातून पडला, एवढंच त्यांनी सांगितलं होतं आणि अंघोळीला निघून गेले होते.

म्हातारीची नजर आता भिंतीवरच्या फळीकडे गेली होती. फळीवर चंदेरी रंगाची लाकडी विमानं ओळीनं उभी होती.

"नांदुऱ्याच्या बाजारात आयकलं ते खरंच हाय तं! याच्यातलं माह्या शेषरावचं कोनतं व?"

विमलबाईंनी घास गिळला, ताटातच हात धुतला, उठून वाकून नमस्कार केला. "मुकी नाही मावशी. जेवताना बोलत नाही, नेम हाय माहा."

"बाप्पा! अन् मी येड्यासारखी वरडून राह्यली!" सरस्वतीबाई हसल्या, आणि हसतानाच त्यांचे डोळे पुन्हा फळीकडे वळले.

विमलबाईही त्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

अमावस्येला बैल जुंपायचे नाहीत, ही सगळ्या गावाची रीत. मिरची-वांग्याच्या वावरातली कामं त्या दिवशी थांबत, आणि पुंजाजी ओट्यावर पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेऊन बसत. आधी ज्वारीचे दाणे एका ओळीत मांडत. एक दाणा म्हणजे खऱ्या विमानाचा एक फूट. तेवढ्या मापात डाकोटा विमान बसवायचं. पण ज्यात त्यांनी नोकरी केली तसं डाकोटा ते कधीच करत नसत. एकाची शेपटीच गाडीच्या मागच्या फळीसारखी उघडे. एकाच्या पोटाला भोक. तिफणीच्या चाड्यातून बी पडावं तशी त्यातून पोती आपोआप खाली पडतील, माणसानं जवळ जायलाच नको. एकाला बैलगाडीसारखा दांड्यांचा कठडा. एक तर होडीसारखं, थेट नदीवर उतरणारं.

शेजारचे रंगराव येताजाता टोमणा मारत, "काहो फौजी, असं इमान तं सरकारपाशीबी नाई!"

"सरकारपाशी नाई म्हनून तं करा लागते," पुंजाजी मान वर न करता म्हणत.

कुणी बेल वाहतं, कुणी वाती वळतं. यांचाही हा नेमच, असं धरून विमलबाईंनी कधी विचारलं नव्हतं. आज त्या म्हातारीच्या बाजूला उभं राहून पाहताना मात्र त्यांच्या लक्षात आलं. इतकी विमानं, पण ज्यातून माणूस पडावा असं उघडं दार एकाच्याही कुशीला नव्हतं.

पुंजाजी वावरातून आले. कोण आलंय हे कळल्यावर ते उंबऱ्यापाशीच खाली बसले. चिखलाचे पाय धुवायचंही सुचलं नाही त्यांना.

"मी भांडाले नाई आली रे बाप्पा," सरस्वतीबाई म्हणाल्या. "सुट्टीवर आला का तुहंच नाव राहे त्याच्या तोंडात. वडनेरचा पुंजाजी अन् वडनेरचा पुंजाजी. पन गावातले लोकं म्हनतात, पोरगं गाफील होतं. डुलकी लागली असन, नाईतं इमानातून कोनी पडते का? मी काय सांगू त्याहिले? मी इमान पाह्यलं ते आभायात, चिमनीएवढं. मले ते दाखव. जसं होतं तसं."

"मावशी, तेवढं नाई होत माह्यानं."

"इतले केले, अन् तेच नाई?"

पुंजाजी पायावरचा चिखल नखानं खरवडत राहिले. म्हातारीनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "अमावस्येले येतो मी," म्हणाली, आणि एसटी गाठायला निघाली.

त्यानंतर पुंजाजी घरात असून नसल्यासारखे वावरू लागले. भाकरी पुढ्यात निवून जाई. शेवटी एका सकाळी तुळशीला पाणी घालता घालता, पाठमोऱ्याच राहून विमलबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या नेमाले मी कधी टोकलं नाई. पन चौरंग मांडाचा, फुलं वाहाचे, अन् देवच नाई ठेवाचा, असं चाललं तुमचं."

"तुले नाई समजत त्यातलं."

"नसन समजत. त्या माउलीले तं समजू द्या."

सर्वपित्री अमावस्येला पुंजाजींनी दाणे मांडले. चिमण्या येऊन माप खाऊ लागल्या, तशा विमलबाई निवडायचं सूप घेऊन जवळ बसल्या आणि त्यांना हाकलत राहिल्या. लाकडाला पोट आलं, नाक आलं, पंख बसले. मग पुंजाजींनी डाव्या अंगाला पेन्सिलीनं एक चौकट ओढली आणि पटाशी हातात घेऊन नुसते बसले. विमलबाईंनी वर पाहिलं नाही. स्वयंपाकाची वेळ टळत होती, तरी त्या उठल्या नाहीत. बऱ्याच वेळानं लाकूड तासल्याचा बारीक आवाज सुरू झाला.

सरस्वतीबाई आल्या तेव्हा रंग ओला होता. पुंजाजींनी विमान त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे दार. रसद टाकाच्या येळी याचे पल्ले, दोनी झडपा, काढूनच ठेवत. आमी पाठीवर पडून पायानं पोते ढकलू. एक पोतं फाटलं, तांदूय सांडले, तं ते धराले तो उभा राह्यला. तवाच दरीतून वारा आला अन् इमान या अंगाले कललं. त्याचा पाय तांदयावरून सरकला." त्यांनी दाराच्या कडेशी बोट नेलं. "गाफील नव्हता तो, मावशी. त्याच्या हातात पोत्याचा कोपरा होता. माहा हात... पुढं केला होता मी. नाई पुरला."

म्हातारीनं करंगळी दारातून आत घातली, फिरवली.

"खरं केवढं असन हे?"

"बैल आडवा उभा राह्यला तरी मावन."

"अन् पल्ला नाई?"

"नाई."

"मंग तं कोनीबी पडन व," त्या विमलबाईंकडे वळून म्हणाल्या. मग पुंजाजींकडे पाहून, अगदी सावकाश, पुन्हा एकदा, "कोनीबी पडन रे बाप्पा."

पुंजाजींनी धोतराच्या सोग्यात तोंड लपवलं.

विमलबाईंनी म्हातारीला खीर-वड्याचं जेवू घातलं आणि एसटीपर्यंत पोचवायला गेल्या. सरस्वतीबाईंना खिडकीपाशी जागा मिळाली. विमान मांडीवर होतं.

"बाई, ते खेळणं वर ठेवा," कंडक्टर म्हणाला.

"राहू दे रे. रंग ओला हाय."

घंटी वाजली, गाडी हलली. विमलबाईंनी हात जोडले, पण म्हातारीचे हात मोकळे नव्हते. एका हातानं तिनं विमान पोटाशी धरलं होतं, आणि दुसरा तळहात त्या उघड्या दारावर सपाट ठेवला होता.