बाळंतिणीची बाज बाहेर निघाली

मित्रांनो, मी मांडवगण फराट्यातली एक जुनी बाज आहे. माझी चौकट बाभळीची. मेंढरं विकून शेतीला लागलेल्या हौसरावांनी माझं सुंभ स्वतःच्या हातांनी विणलं.

१९९७च्या हिवाळ्यात त्यांची सून, सत्यजीतची बायको सविता, बाळंतीण होऊन माझ्यावर आली. खोलीच्या खिडकीला पोतं लावलेलं, खाली शेगडी. सविता या कुशीवरून त्या कुशीवर होई, उठून बसे, दाराशी जाऊन परत येई. माझं सुंभ रात्रंदिवस कुरकुरत राही. लेक रडली की ती कान झाकून घेई. पहिलटकरणीचं असंच असतं, असं शेजारच्या सगुणाबाई म्हणत.

एके दुपारी सासू साखरबाईंनी बाळ पुढं केलं, तशी सविता भिंतीकडं सरकली.

"आत्या, तिला माझ्याजवळ नका ठेवू. माझीच मला भीती वाटती."

साखरबाई रागावल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला शिरूरला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाळंतपणानंतर मनालाही आजार होतो, त्यात तिचा काही दोष नाही, असं बाईंनी समजावलं. गोळ्या दिल्या, आणि तिला रोज उघड्यावर झाडाखाली बसवा, म्हणाल्या.

सगुणाबाईंना ते पटेना. सव्वा महिना व्हायचाय, वारं लागेल, असं त्यांनी बजावलं. साखरबाईंनी माझी एक बाजू उचलली, दुसरी हौसरावांनी.

"माझा सत्यजीत माळावरच झाला, मेंढरांमागं," साखरबाई म्हणाल्या. "तवा कुठली खोली व्हती?"

मळ्यात लिंबाखाली मला टाकलं. पहिल्या दिवशी सविता घटकाभरही टिकली नाही. दुसऱ्या दिवशी चारदा उठून गेली. आठवडाभर तेच. मग एका सकाळी ज्वारीवर पाखरांचा थवा उतरला. ती पाहत राहिली. थवा उडाला, तरी पाहत राहिली. हळूहळू माझी कुरकुर थांबली. तिला झोप लागली होती.

बरं व्हायला उन्हाळा उजाडला. मध्ये वाईट दिवस आले, गोळ्याही चालूच होत्या. पण एकदा तिनं आपणहून हात पुढं केले.

"द्या हिला इकडं. हिला पाखरं दावते."

ती लेक, साधना, आता २००६ साली तिसरीत आहे. घरात लोखंडी पलंग आला आणि मी गोठ्यामागं उभी आहे. सुंभ तुटलंय, एका पायाला वाळवी लागलीय. त्याचं वाईट वाटतं, नाही कसं? पण त्याहून जास्त काळजी वाटते ती पोतं लावलेल्या खिडक्यांची. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं तळमळत असेल, तर त्याला नावं ठेवू नका. डॉक्टरांकडं न्या, झाडाखाली न्या. आणि ते चारदा उठून गेलं, तर पाचव्यांदा पुन्हा शेजारी बसा.