देवीलालची चालती भिंत

लग्नाला सहा महिने झाले तरी बिजलीबाई नवऱ्याशी धड दोन शब्द बोलली नव्हती. नेरजवळच्या त्या तांड्यावर घर म्हणजे एकच लांबलचक खोली, आणि खोलीत सासरा देवीलाल. सासऱ्यासमोर सुनेनं घुंगट ओढून तोंड मिटून राहायचं, हा रिवाज. त्यात तो दिवसभर बाजेवरून हलत नसे. उमरखेडकडच्या माहेरी जिच्या बडबडीला शेजारीपाजारी वैतागत, ती बिजली इथं हातवारे करून मीठ मागायची. बोलायला कुणी मिळालं नाही तर आपल्याला वेड लागणार, अशी तिची खात्रीच झाली.

शेवटी सासूच पाझरली. "पोरायले एक आडोसा करून द्या," लालीबाई नवऱ्याला म्हणाली.

"तुराट्यांचा कुड घालतो," बिजलीचा नवरा प्रेमसिंग हरखून म्हणाला. "वरतून मातीनं लिंपला का झाली खोली."

"कुड?" देवीलाल कडाडला. "जमिनीत गाडलेली भिंत? आपले वाडवडील लदेणीवाले. बैलायवर मीठ लादून मुलूख फिरले. त्यायची भिंत गोण्यायची. थप्पी लावली का भिंत झाली, उचलली का वाट झाली!"

लदेणी त्यानं पाहिली होती ती सहाव्या वर्षी, आजोबांच्या पुढ्यात बैलावर बसून. मग आगगाडी आली आणि तो धंदाच बसला. पण तेवढ्या भांडवलावर म्हातारा जन्मभर मिजास करत आला होता.

झालं. ज्वारी, सरकी, भुसा, हाती लागेल ते गोण्यांत भरलं आणि डोक्याच्या वर थप्पी उभी राहिली. कडेला माणूस जाईल एवढी फट ठेवली. मागच्या टोकाला बिजलीची खोली झाली, दाराकडं म्हातारा-म्हातारी. तिला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

सकाळी देवीलालनं हाक दिली, "चला, लादा!"

लदेणीचा तळ, म्हणजे मुक्काम, दुसऱ्या दिवशी त्याच जागी राहत नसतो म्हणे. गोण्या उतरवल्या. संध्याकाळी त्याच गोण्या दाराच्या दिशेनं एक पाऊल पुढं रचल्या. पुढंच का? तर लदेणी मागं जात नाही.

"बापू, हे घर हाय!" प्रेमसिंग कळवळला.

"सरकारनं अख्खा यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात नेऊन ठेवला, तवा तुले काही वाटलं नाही. म्या भिंत हलवली तं पोटात दुखून राह्यलं?"

हे तांड्याच्या नायकालाही पटलं.

भिंत रोज चालू लागली. आधी हंडे सुनेच्या खोलीत गेले, मग चूल, मग देव. म्हातारा-म्हातारीची बाज दाराकडं सरकत राहिली. आणि प्रेमसिंग? दिवसभर नेरच्या जिनिंग कारखान्यात कापसाचे बोजे, घरी सकाळ-संध्याकाळ गोण्या. भाकर पोटात गेली की तो आडवा. बिजली तोंड उघडेपर्यंत घोरणं सुरू. ज्याच्याशी बोलायला भिंत मागितली, त्यालाच भिंतीनं झोपवलं! तिला रडूच कोसळलं.

एका संध्याकाळी तिचा संताप संताप झाला. झोपलेल्या नवऱ्यालाच ती सुनावू लागली, "भाजीत मीठ कमी हाय का जास्त, तेवढं तरी सांगा!"

"जास्त हाय," भिंतीपलीकडून देवीलाल म्हणाला.

बिजली दचकली. पण सासरा दिसत नव्हता, मग घुंगट कसला आणि रिवाज कसला! तिनं हळूच विचारलं, "कालच्यापेक्षा?"

"कालची बरी होती."

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. माहेरची म्हैस, नेरचा बाजार, नायकाच्या बायकोचा लुगडं-चोळीचा नवा थाट. म्हातारा हुंकार भरी, मध्येच लदेणीची गोष्ट घुसडी. लालीबाईनं त्या गोष्टी ऐकणं कधीच सोडलं होतं, हे नवं माणूस "मंग?" म्हणून विचारत होतं. दिवसा भिंत उतरली की दोघंही मुकी. बिजली आता संध्याकाळकडं डोळे लावून बसे.

आणि एक दिवस भिंत आणि उंबरा यांच्यात फक्त बाजेपुरती जागा उरली. उद्या म्हातारा-म्हातारी अंगणात जाणार, बोलणं संपणार. बिजली गोण्यांजवळ सरकली.

"बापू, उद्या भिंत हलवू नका."

"लदेणी कोणासाठी थांबत नाही, बेटी."

"कधीच नाही?"

"मयत झाली तं थांबे. नाही तं तांड्यातली बाई बाळंत होणार असली तं. तवा बैलं सोडून तळ टाकत."

बिजलीनं घोरणाऱ्या नवऱ्याकडं पाहिलं. त्यालाही अजून सांगायचं राहिलं होतं. तो जागा सापडेल तेव्हा ना! तिनं गोणीला कपाळ टेकलं.

"मंग थांबवा," ती म्हणाली.

पलीकडं बाज करकरली आणि म्हाताऱ्याचा रडवेला आवाज फुटला, "लाली, ऊठ! बैलं सोड वं! तळ पडला!"

अंगणात बैल कुठले? खुंट्याला एक शेळी होती. लालीबाई उठली, डोळे पुसत बाहेर गेली आणि तिनं शेळी सोडली.